गाडीवानाची वीस मिनिटे आणि आपले विहार

कांदिवली पूर्वेला लोखंडवालाच्या टॉवरशेजारीच दामूनगर, क्रांतीनगरच्या वस्त्या आहेत. टॉवरमधली धुणीभांडी, दूध, भाजी, पार्सल वस्तीतल्या माणसांच्या जिवावर चालते. हातगाडी लावणाऱ्याचे एक लक्ष गिऱ्हाईकाकडे आणि दुसरे रस्त्याच्या टोकाला असते. महापालिकेची गाडी आली की माल गेला.

हीच गोष्ट सेनेगलच्या उस्मान सेम्बेन यांनी १९६३ साली 'बोरोम सारेत' या वीस मिनिटांच्या लघुपटात सांगितली आहे. डकारमधला एक गरीब घोडागाडीवाला दिवसभर राबतो. कोणी भाडे देतो, कोणी बुडवतो. एक भाट त्याच्या पूर्वजांच्या शौर्याची गाणी गातो आणि हा खूश होऊन सगळी कमाई त्याला देऊन टाकतो. शेवटी एका सुटाबुटातल्या माणसाला तो श्रीमंतांच्या भागात सोडतो. तिथे गाड्यांना बंदी. पोलीस गाडी जप्त करतो, गिऱ्हाईक पैसे न देता पसार होते. सेनेगलला स्वातंत्र्य मिळून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. झेंडा बदलला, पण गाडीवानाच्या वाट्याला काय आले, हा सेम्बेन यांचा प्रश्न आहे. राजकीय लोकशाहीखाली सामाजिक लोकशाहीचा पाया नसेल तर ती टिकणार नाही, हा बाबासाहेबांचा इशारा इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

सेम्बेन हे फ्रान्समधल्या मार्सेच्या बंदरात गोदी कामगार होते, युनियनमध्ये होते. फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहिल्या, पण आपल्याच लोकांना त्या वाचता येत नाहीत हे पाहून चाळिशीच्या उंबरठ्यावर ते मॉस्कोला सिनेमा शिकायला गेले. त्याच सुमारास, १९६१ मध्ये, आपले अण्णा भाऊ साठे रशियाला जाऊन आले होते. गिरणी कामगार आणि गोदी कामगार, दोघांनीही आपल्या माणसांची गोष्ट स्वतःच सांगितली.

आपण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांशी नाते अभिमानाने सांगतो. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. मात्र लोकलच्या डब्यात आफ्रिकन तरुण शेजारी बसला की आपल्यातलेही काही जण सरकून बसतात, 'हा ड्रग्जवाला' म्हणून कुजबुजतात. २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली, ती अशाच संशयातून. जन्मावरून माणूस ओळखण्याची ही नजर आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसली. ती आपल्याच डोळ्यांत आली, तर बावीस प्रतिज्ञांचा अर्थ काय उरला?

म्हणून एक सूचना. एखाद्या रविवारी वंदनेनंतर विहारात 'बोरोम सारेत' दाखवा आणि जोडीला नागराज मंजुळे यांचा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त 'पिस्तुल्या' दाखवा. एक भिंत, एक प्रोजेक्टर पुरे. नंतर तासभर चर्चा ठेवा आणि त्यात हातगाडीवाल्या, घरकाम करणाऱ्या मायमाऊलींना आधी बोलू द्या. परिसरात आफ्रिकन विद्यार्थी असतील तर त्यांनाही बोलवा.

जयंतीच्या डीजेवर आपण एका रात्रीत किती उडवतो, हेही त्या चर्चेत निघू द्या. पूर्वजांच्या गौरवगीतावर खिसा रिकामा करणारा तो गाडीवान आपल्याला फार ओळखीचा वाटेल. त्या पैशातला थोडा भाग बाजूला ठेवला, तर वस्तीतल्या एखाद्या मुलीच्या हातात कॅमेरा येईल. आपली गोष्ट मग दुसऱ्या कुणी सांगायची वाट पाहावी लागणार नाही.

जयभीम!