आधी मोजू, मग बोलू

सिंदेवाहीचं नाव घेतलं की पुढचा शब्द धान, आणि धानानंतरचा शब्द जंगल. "तुमच्याकडं काय बाबा, हवाच हवा! प्रदूषण पाहायचं असेल तर आमच्याकडं या," असं दुर्गापूर-घुग्घुसकडचे मित्र हसत हसत म्हणतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. आपली हवा स्वच्छ आहे हे कुणी मोजून सांगितलंय, की कुणी मोजलीच नाही म्हणून ती स्वच्छ?

मित्रांनो, पहिल्या सेमिस्टरपासून आपल्या डोक्यात एकच गोष्ट ठोकली जाते: रीडिंगशिवाय रिझल्ट लिहायचा नाही. प्रयोगशाळेत आपण हा नियम पाळतो (सबमिशनच्या आदल्या रात्री तो थोडा ढिला होतो, ते सोडा!). मग ज्या हवेत दिवसाचे चोवीस तास श्वास घेतो, तिच्याबाबत मात्र आपण नुसत्या अंदाजावर कसे काय चालतो?

आधी चंद्रपूरचंच उदाहरण घेऊ. सिंदेवाहीपासून साधारण 70 किलोमीटर. तिथल्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच 1983 मध्ये सुरू झाला. आज केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. भोवताली कोळशाच्या खाणी, घुग्घुसला स्पंज आयर्न, बल्लारपूरला कागद, कोरपना-राजुऱ्याकडं सिमेंट. डिसेंबर 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या 88 औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक जाहीर केला. त्यात अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्यानंतर चंद्रपूरचा चौथा क्रमांक होता, गुण 83.88. सत्तरच्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित. पुढच्याच महिन्यात अशा क्षेत्रांत नव्या प्रकल्पांवर काही काळ बंदी आली.

म्हणजे पहिला संच सुरू झाल्यावर तब्बल सव्वीस वर्षांनी! आता कुणी विचारलं की 1982 साली दुर्गापूरची हवा कशी होती, तर उत्तर कुठं शोधायचं? म्हातारी माणसं सांगतात, पूर्वी अंगणात वाळत घातलेले कपडे संध्याकाळी पांढरेच निघायचे. खरंच असेल. पण आठवण फाईलला लावता येत नाही, कोर्टात चालत नाही आणि ग्राफवर तर मुळीच बसत नाही.

हीच चूक आता आपल्या पूर्वेच्या पट्ट्यात होऊ नये, हे या लेखाचं खरं कारण आहे. गडचिरोलीला 'स्टील हब' करण्याची घोषणा झाली आहे. सुरजागडच्या लोहखनिज खाणीला 2023 मध्ये वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टन उत्खननाची परवानगी मिळाली. चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीत लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे. रोजगार येणार असेल तर त्याला विरोध करायचं काही कारण नाही. उद्या आपल्यातलेच कित्येक जण तिथं अर्ज करतील. पण कारखान्याबरोबर ट्रक येतात, राख येते, धूळ येते. ती किती आली हे सांगायचं असेल तर आधी किती होती हे माहीत हवं. इंजिनियरिंगच्या भाषेत याला बेसलाईन म्हणतात.

सरकारी नियमात बेसलाईन आहेच, नाही असं नाही. 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाच्या अहवालात परिसराच्या हवेची मोजणी द्यावी लागते. पण ती साधारणपणे पावसाळा सोडून एका ऋतूची, म्हणजे तीनेक महिन्यांची. मोजणारा सल्लागार नेमतो कोण? प्रकल्पवालाच. मग जनसुनावणीत एखादी बाई उठून म्हणते, "साहेब, आमच्याकडं धूळ लई हाय." साहेब अहवाल उघडून सांगतात, आकडे मर्यादेत आहेत. बाईजवळ खोकला असतो आणि साहेबांजवळ तक्ता. कोण जिंकणार?

आता 'मर्यादेत' या शब्दाकडं जरा बघू. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, आपल्या केसाच्या जाडीच्या सुमारे तिसावा भाग. नाकातले केस त्यांना अडवत नाहीत. ते थेट फुप्फुसात खोल जातात. आपल्याकडं त्यांची 24 तासांच्या सरासरीची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम आहे. आता हिशोब करा. बावीस तास हवेत 40 आणि रात्रीचे दोन तास 250. सरासरी येते 57.5. म्हणजे मर्यादेत! त्या दोन तासांत ज्या पोराला दम लागला त्याला ही सरासरी काय कामाची? शिवाय घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, ताडाळी इथली माणसांकरवी चालणारी केंद्रं आठवड्यातून दोन दिवस मोजतात, म्हणजे वर्षाचे 104 दिवस. चंद्रपुरात दर तासाला आकडा देणारी स्वयंचलित यंत्रं आहेत, पण तो आकडा चंद्रपूरचा. मंडळाच्या या सगळ्या साखळीत सिंदेवाही नाही.

आणि सिंदेवाहीला मोजण्यासारखं काहीच नाही असं समजू नका. राईस मिलचा कोंडा आहे, तो जाळणारे बॉयलर आहेत, मळणीची धूळ आहे. फेब्रुवारीपासून मोहफुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, मग वणवे लागतात. थंडीत घरोघरी शेकोट्या. यातलं बरंचसं आपणच करतो, हेही कबूल करायला हवं. मोजणी करायची ती फक्त दुसऱ्याकडं बोट दाखवायला नव्हे. उद्या कुणी कारखानदार म्हणाला, "धूर आमचा नाही, तुमच्या शेकोट्यांचा आहे," तर त्याला उत्तर द्यायलाही शेकोटीचा आकडा वेगळा माहीत पाहिजे.

मोजायचं कशानं? इथं आपण कामाला येतो. धुळीचा छोटा सेन्सर काही हजारांत मिळतो. आत एक लेझर, एक पंखा आणि प्रकाश टिपणारा डायोड. कण लेझरसमोरून गेला की प्रकाश विखुरतो, डायोडमध्ये पल्स येतो, पल्स मोजले की कणांचा अंदाज. मायक्रोकंट्रोलरला जोडून मेमरी कार्डावर नोंद ठेवणं तिसऱ्या वर्षाच्या कोणत्याही पोराला जमेल.

पण थांबा, खरी गंमत पुढं आहे. हा सेन्सर कणांचं वजन करत नाही, नुसता प्रकाश बघतो. थंडीत पहाटे धानाच्या बांध्यांवर धुकं उतरलं की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा उगाच चढतो. म्हणून सोबत आर्द्रतेचा सेन्सर हवाच. डबा आधी मंडळाच्या चंद्रपूरच्या यंत्राशेजारी निदान दोन आठवडे ठेवून ताडून घ्यायला हवा, आणि उन्हाळ्यात पुन्हा एकदा. पंख्यात धूळ बसते, ती साफ करावी लागते. सल्फर डायऑक्साइड तर याला कळतच नाही. एवढं सगळं न करता "अमुक वस्तीत हवा विषारी" असं छापून आणलं तर पहिला अधिकारीच ते फाडून टाकेल, आणि त्याचं बरोबर असेल.

तरीही स्वस्त साधन हे टाकाऊ साधन नव्हे. तामिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीजवळच्या गावकऱ्यांनी 2004 मध्ये प्लास्टिकच्या बादलीत बसवलेल्या पिशवीतून हवेचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवले. जोडीला वासाची वही ठेवली: कोणत्या वेळी, कसला वास, वारा कुठून. खारघरला जानेवारी 2021 मध्ये पंखे लावलेली पांढरी कृत्रिम फुप्फुसं चौकात उभी केली, ती दहाएक दिवसांत काळी पडली. फुप्फुसं पाहून लोक थबकतात, पण अधिकाऱ्यापुढं वहीच चालते. माझं मत वहीच्या बाजूनं आहे. रात्री आकडा चढला म्हणजे कारखान्यानं फिल्टर बंद केला असंच नसतं. रात्री जमिनीलगतची थंड हवा धूर वर जाऊ देत नाही, हेही कारण असतं. यातलं खरं काय, हे तासागणिक आकडा आणि वाऱ्याची नोंद शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही.

"गावातल्या लोकांना यातलं काय कळतं?" असं म्हणणारे भेटतीलच. त्यांना शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवून द्यावेत. तिसरी शिकलेला, दीड एकराचा मालक. 1983 मध्ये त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं पेरून पाहिल्या, आणि त्यातून एचएमटी हा वाण निघाला. 2005 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण श्रेयाचा वाद 2018 मध्ये ते जाईपर्यंत मिटला नाही. बारकाईनं पाहणं आणि ते टिकवून ठेवणं याला डिग्री लागत नाही. पण जे पाहिलं ते आपल्या नावानं, तारखेसकट लिहून ठेवलेलं बरं, हाही धडा त्यातच आहे.

आता आपल्या घरचा प्रश्न. फायनल इयरचे प्रोजेक्ट होतात, एक्स्टर्नल येतात, दिवा लागतो, टाळ्या पडतात आणि जूनमध्ये डबा कपाटात जातो. हवेच्या नोंदीला हे चालत नाही. एका वर्षाचा आकडा म्हणजे अर्धं वाक्य. म्हणून माझी सूचना अशी की हा प्रोजेक्ट कुणा एका बॅचचा नसावा. तीन डबे: एक मिलच्या लाईनजवळ, एक शाळेत, एक जंगलाच्या कडेला. शाळेतली पोरं रोज वारा आणि धूर वहीत लिहितील. आपण दर महिन्याला डबा साफ करू, आकडे तपासू, आणि ते नगरपंचायतीच्या फलकावर लावू. चांगले आले तरी, वाईट आले तरी. सीनिअर जाताना ज्युनिअरच्या हाती किल्ली आणि वही दोन्ही देईल. निदान तीन वर्षं.

मिलवाले आपलेच काका-मामा आहेत, त्यांना वाईट वाटेल ही भीती खरी आहे. पण त्यांच्या मिलमध्ये दिवसभर कोंडा उपसणारा मजूरही आपलाच आहे. आकडा कुणाचा शत्रू नसतो. कोंडा झाकून ठेवला आणि आकडा उतरला, तर ते श्रेयही त्याच फलकावर मिलवाल्याला मिळेल.

उद्या या रस्त्यानं कोणते कारखाने येतील आणि कोणते नाही, हे ठरवणं आपल्या हातात नाही. ते येण्याआधीची हवा कशी होती हे लिहून ठेवणं मात्र नक्कीच आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतर, मळणी सुरू व्हायच्या आत, पहिला डबा लावू या. कोण कोण येतंय?

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स