नोकरी गेल्यावर विकत घेतलेली नोकरी

चिपळूण, खेड, महाड, मुंब्रा, भिवंडी. यांपैकी कुठल्याही गावाच्या बाजारातून फेरफटका मारा. चहा, शॉर्मा, पिझ्झा, आइस्क्रीम यांच्या एकसारख्या रंगाच्या, एकसारख्या अक्षरांच्या पाट्या ओळीने दिसतील. त्यातल्या काही पाट्यांखाली गल्ल्यावर बसलेला माणूस काही वर्षांपूर्वी दम्माम, दोहा नाहीतर कुवेतमध्ये होता. सौदीने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल आकारायला सुरुवात केली आणि २०२० पर्यंत ती रक्कम ४०० वर नेली. आधी बायका-मुलं परत आली. मग कोरोना आला आणि कित्येक कमावतेही परतले. इकडे लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या कंत्राटी नोकऱ्याही काही कायमच्या नसतात.

अशा माणसाचं वय चाळीस-पंचेचाळीस असतं. हातात एकरकमी पैसा असतो आणि घरात रोज एकच प्रश्न असतो, 'आता पुढे काय?' नेमक्या त्याच वेळी मोबाइलवर जाहिरात येते : अमुक लाख भरा, तयार धंदा घ्या, स्वतःचे मालक व्हा.

माझा आक्षेप या शेवटच्या तीन शब्दांना आहे. फ्रँचायझी घेणारा माणूस पूर्ण मालक होत नाही. माल कुठून घ्यायचा, भाव काय ठेवायचा, भिंतीला रंग कुठला द्यायचा, दुकान किती वाजता उघडायचं, हे सगळं कंपनी ठरवते. म्हणजे साहेब आहेच. फरक एवढाच की पूर्वीचा साहेब महिन्याच्या शेवटी पगार द्यायचा आणि हा साहेब महिन्याच्या शेवटी रॉयल्टी मागतो. ही पैसे देऊन विकत घेतलेली नोकरी आहे. ती वाईटच असते असं मी म्हणत नाही. पण नोकरी म्हणून तिच्याकडे पाहिलं की योग्य प्रश्न सुचतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर कर्नल सँडर्सची गोष्ट फिरत असते. नव्या महामार्गाने वाहतूक दुसरीकडे वळवली, केंटकीतल्या कॉर्बिन गावातलं त्यांचं हॉटेल बसलं आणि पासष्टीच्या आसपास ते पुन्हा उभे राहिले. गोष्ट खरी आहे. पण ती पाठवणारे एक बारीक बाब विसरतात. सँडर्स यांनी फ्रँचायझी विकत घेतली नव्हती, विकली होती. गाडीतून गावोगाव जाऊन ते आपली कोंबडीची कृती हॉटेलवाल्यांना देत आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कोंबडीमागे काही सेंट घेत. घेणाऱ्याला विकणाऱ्याचं यश दाखवून भुलवणं, हा या बाजाराचा जुना हातखंडा आहे.

आता थोडं गणित करू. आकडे नमुन्याचे आहेत, आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा, चहाच्या ब्रँडची फी ३ लाख. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५४ हजार. फर्निचर आणि यंत्रं ४ लाख, दुकानाचं डिपॉझिट दीड लाख, पहिला माल ५० हजार. एकूण ९ लाख ५४ हजार. महिन्याचा ठरलेला खर्च असा : भाडं २५ हजार, दोन पोरांचा पगार २४ हजार, वीज, गॅस आणि किरकोळ मिळून ११ हजार. झाले ६० हजार. कप २० रुपयांना विकला तर दूध, मसाला, कप यांत ९ रुपये जातात. पाच टक्के रॉयल्टी आणि तिच्यावरचा जीएसटी धरून १ रुपया १८ पैसे कंपनीला. हातात राहतात ९ रुपये ८२ पैसे.

नुसता खर्च निघायला रोज सुमारे २०५ कप खपले पाहिजेत. घरी २५ हजार न्यायचे असतील तर २९०. डिपॉझिट सोडून गुंतवलेले ८ लाख ४ हजार पाच वर्षांत परत यायचे असतील तर रोज ३३५. बारा तास दुकान उघडं ठेवलं तर दर दोन-सव्वादोन मिनिटांना एक गिऱ्हाईक हवं, तेही बाराही महिने. आपल्या मोहल्ल्यात रमजानचे दिवसाचे तास वजा करा, कोकणात मुसळधार पावसाचे दिवस वजा करा आणि शेजारची दहा रुपयांची टपरी विसरू नका. वर्षाची विक्री वीस लाखांच्या पुढे गेली की विक्रीवरच्या जीएसटीचा हिशेब वेगळा. हे गणित सातवीतल्या पोरालाही जमतं. तरी सही करण्यापूर्वी ते कागदावर मांडणारे थोडे असतात, कारण कंपनीच्या माहितीपत्रकात 'गुंतवणूक दीड वर्षात वसूल' असं आधीच छापलेलं असतं.

अमेरिकेत १९७९ पासून असा नियम लागू आहे की फ्रँचायझी विकणाऱ्याने करारापूर्वी घेणाऱ्याला सविस्तर माहिती लेखी द्यायची. आज त्यासाठी किमान चौदा दिवसांची मुदत आहे आणि किती शाखा बंद पडल्या, सोडून गेलेले शाखावाले कोण, हेही त्यात सांगावं लागतं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. १८७२ च्या करार कायद्यावर भागवावं लागतं. म्हणजे जे कागदावर लिहिलं तेच खरं, आणि कागद कंपनीच्या वकिलाने लिहिलेला असतो. 'एक किलोमीटरच्या आत दुसरी शाखा देणार नाही' हे तोंडी सांगितलेलं असतं, करारात नसतं. वाद झाला तर तो कंपनीच्या शहरात चालेल, हे मात्र करारात हमखास असतं. पाच वर्षांचा करार आणि अकरा महिन्यांचा भाडेकरार, अशी जोडीही पाहायला मिळते. बाराव्या महिन्यात घरमालकाने भाडं वाढवलं की पळायला जागा नाही. शिवाय नावाजलेल्या ब्रँडच्या नावाने बनावट संकेतस्थळं काढून पैसे उकळणारे वेगळेच. अमूलला त्याबद्दल लोकांना जाहीरपणे सावध करावं लागलं आहे.

आपल्या लोकांसाठी आणखी एक जाळं आहे. 'दुकान आम्ही चालवू, तुम्ही फक्त पैसे गुंतवा, दरमहा ठरलेली रक्कम घ्या.' त्यावर हलालचा शिक्का मारला की आपण निश्चिंत होतो. भांडवलावर आधीच ठरवलेली, तोट्याची जोखीम नसलेली रक्कम घेणं हा शरियतच्या दृष्टीने नफा ठरत नाही. फिक्हमध्ये भागीदारीत नफ्याचा वाटा ठरवता येतो, रक्कम ठरवता येत नाही. व्यवहाराच्या दृष्टीनेही जो धंदा अजून सुरूच झाला नाही, त्याच्या कमाईची हमी कोण देतो आहे, हा साधा प्रश्न आहे. बंगळूरची आयएमए फ्रँचायझी कंपनी नव्हती, पण हलाल नफ्याच्या भरवशावर हजारो मुस्लिम कुटुंबांनी तिच्यात पैसे ठेवले आणि २०१९ मध्ये ती बुडाली. दाढी आणि बिस्मिल्लाह पाहून हिशेब मागायचं सोडू नये, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नव्हती.

मग शहाणी माणसं एवढ्या घाईने सही का करतात? मला वाटतं, पैशापेक्षा लाज जास्त काम करते. जुम्याच्या नमाजनंतर कुणीतरी विचारतो, 'काय भाई, सुट्टी किती दिवसांची?' मुलीच्या लग्नाची बोलणी चाललेली असतात आणि 'वालिद काय करतात?' या प्रश्नाला उत्तर हवं असतं. पाटी लागली की उत्तर तयार होतं. या उत्तरासाठी फंडाचे पैसे जातात आणि ते कमी पडले की बायकोचं सोनं जातं. तिचा महर, माहेरहून आलेले दागिने ही तिची स्वतःची मिळकत आहे. नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. मागितलं की ती देते, कारण नाही म्हणण्याची मुभा तिला घरात उरलेली नसते. अशा होकाराला मी मर्जी म्हणणार नाही.

आणि एक गोष्ट मनाला फार लागते. पंधरा वर्षं एसीचं काम केलेला कारागीर, जहाजावरचा वेल्डर, क्रेन चालवणारा, फोरमन ही माणसं गावात येऊन दुसऱ्याच्या नावाचा चहा विकतात. कंपनीने त्यांचे पैसे मोजून घेतले, त्यांचं कसब कुणी विचारलंच नाही. कोकणच्या दमट हवेत एसी आणि फ्रिज दुरुस्त करणारा चांगला माणूस शोधायला आपण वणवण फिरतो. त्याला व्हॅन, हत्यारं आणि एक मदतनीस एवढंच भांडवल लागेल. पण त्याला झगमगती पाटी नसते, म्हणून तो धंदा वाटत नाही.

फ्रँचायझी कधीच घेऊ नये, असं मात्र नाही. ज्याला दुकानदारीचा अनुभव आहे, जो स्वतः गल्ल्यावर उभा राहणार आहे, ज्याची जागा स्वतःची आहे आणि जो घरातली निम्मी पुंजी बाजूला ठेवून उरलेल्यात हे करू शकतो, त्याला तयार माल आणि तयार नाव उपयोगी पडतं. त्यानेही आधी त्याच ब्रँडच्या दुसऱ्या गावातल्या दुकानात महिनाभर काम करून पाहावं. बंद पडलेल्या दोन शाखावाल्यांचा पत्ता काढून त्यांच्याकडे जाऊन बसावं. कंपनीने दिलेल्या यादीत ते सापडणार नाहीत.

सूरह बकरातली २८२ वी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत. तिचा विषय उधारीचा व्यवहार लेखी करणं आणि त्याला साक्षीदार ठेवणं हा आहे. आपण इस्तिखारा करतो, दुकानाच्या उद्घाटनाला दुआ ठेवतो, मौलवीसाहेबांना बोलावतो. त्याच्या महिनाभर आधी जमातीतला एखादा जुना व्यापारी, एखादा वकील आणि एखादा हिशेब जाणणारा यांच्यासमोर तो करार ठेवायला काय हरकत आहे? मशवरा हीसुद्धा सुन्नतच आहे. प्रत्येक मोहल्ल्यात अशी तीन माणसं सापडतात. महिन्यातून एका जुम्याला ती मशिदीच्या ओसरीवर तासभर बसली तरी पुष्कळ घरं वाचतील.

आणि उरलेल्यांनी एवढंच करावं : परत आलेल्या माणसाला सहा महिने 'आता पुढे काय?' असं विचारू नये. त्याला घरी बसू द्यावं. विचार करायला वेळ मिळाला तर तो बहुधा बरा निर्णय घेईल.