सौजन्य फक्त पाहुण्यांसाठी का?



दारात पाहुणा आला की आपण ‘या, बसा, पाणी घ्या’ म्हणतो. त्याला चुकून धक्का लागला तर लगेच ‘माफ करा’ म्हणतो. आणि घरच्यांशी? ‘ए, पाणी आण’, ‘तुला काय कळतंय त्यातलं’, ‘गप बस’. ज्यांच्यावाचून आपला एक दिवस जात नाही, त्यांच्याशीच आपण सगळ्यात तुटक बोलतो. घरचीच माणसं, जातात कुठं, असं धरून चालतो.

आमच्या बेंबळीसारख्या गावात पहिलीतल्या लेकराला वडिलांचं नाव विचारा, आडनावासकट सांगतं. आईचं नाव विचारलं की कितीतरी लेकरं नुसतं ‘आई’ म्हणून थांबतात. यात त्यांचा दोष नाही. घरात आईला कुणी नावानं बोलावलेलं त्यांनी फारसं ऐकलेलंच नसतं.

राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये एक चांगला निर्णय घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या जन्मदाखल्यावर, शाळेच्या कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. ही लेकरं काही वर्षांनी पहिलीत येतील. दाखल्यावर आईचं नाव येईल, पण घरात मान येईलच असं नाही. तो शासन निर्णयाने मिळत नाही, आपल्या बोलण्यातूनच द्यावा लागतो.

काहीजण म्हणतील, घरात कसली औपचारिकता? आईला ‘तू’ म्हणण्यातच माया आहे. अगदी खरं. ‘तू’ला हरकत नाहीच. पण एक ‘तू’ मायेचा असतो आणि एक तुच्छतेचा. लेकरांना हा फरक बरोबर कळतो. त्यांची भातुकली जरा लक्ष देऊन बघा. ‘बाबा’ झालेला मुलगा ‘आई’ झालेल्या मुलीवर कसा ओरडतो, हे त्याला कोणत्याही पुस्तकानं शिकवलेलं नसतं.

मूल्यशिक्षणाच्या दहा मूल्यांत ‘सौजन्यशीलता’ आहे. तिचा फळ्यावरचा पाठ आम्ही शिक्षक घेऊच. पालकहो, घरचा पाठ तुमच्याकडे. जेवण झाल्यावर ‘भाजी छान झाली होती’ म्हणा. म्हातारी आई तीच गोष्ट पुन्हा सांगत असेल तर मोबाईल बाजूला ठेवून ऐका. लेकराशी चुकीचं वागलात तर त्यालाही ‘चुकलं माझं’ म्हणा. याला पैसे लागत नाहीत आणि वेगळा तासही लागत नाही.

आज आपण घरात जसं बोलतो, तसंच उद्या लेकरं आपल्याशी बोलणार आहेत.