संशोधन जनतेचे, बाजारपेठ कोणाची?

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांच्या हस्ते भारत संचार निगमाच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे उद्घाटन झाले. सुमारे ९७,५०० मनोऱ्यांच्या या जाळ्याचा गाभा सी-डॉट या सरकारी संशोधन संस्थेने रचला. मनोऱ्यांवरील रेडिओ यंत्रणा तेजस नेटवर्क्सने बनविली आणि साऱ्याची जुळणी टाटा कन्सल्टन्सीने केली. अशी यंत्रणा स्वबळावर उभारणाऱ्या मोजक्या देशांत भारत आता गणला जातो. याचा आनंद सर्वांनाच व्हावा. परंतु समारंभाच्या झगमगाटात एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला. खासगी कंपन्यांची फोर-जी सेवा देशात २०१२ साली सुरू झाली होती. मग जनतेच्या मालकीच्या निगमाला त्यानंतर तेरा वर्षे का लागली?

या प्रश्नाचे एक ठराविक उत्तर सदैव तयार असते. सरकारी संस्थांत संशोधन होत नाही, सरकारी अभियंता कामचुकार असतो आणि आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा पदवीधर पुस्तकी असतो, असे सांगितले जाते. हे उत्तर सोयीचे आहे, पण खोटे आहे. ते खोटे असल्याचा पुरावा चाळीस वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली. ३६ महिन्यांची मुदत आणि ३६ कोटी रुपये एवढ्याच बोलीवर भारतीय परिस्थितीला साजेसे डिजिटल टेलिफोन एक्स्चेंज बनविण्याचे काम तिच्यावर सोपविण्यात आले. सॅम पित्रोदा यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले एम. व्ही. पिटके आणि दूरसंचार खात्यातील जी. बी. मीमांसी यांचे नाव आज किती जणांना आठवते? त्यांच्या हाताखाली काम करणारी बहुसंख्य मुले-मुली विशी-पंचविशीतली, देशातल्याच महाविद्यालयांत शिकलेली होती. परदेशी एक्स्चेंजे वातानुकूलित दालने गृहीत धरून बनविलेली असत. तेथे घरोघरी टेलिफोन असल्याने एकेका टेलिफोनचा वापर बेताचाच होई. येथे टेलिफोन थोडे आणि प्रत्येकावर गर्दी मोठी, शिवाय धूळ, ऊन आणि विजेचा खेळखंडोबा. या वास्तवाचा अभ्यास करून त्या तरुणांनी १२८ लाइनींचे ग्रामीण एक्स्चेंज बनविले. त्याला वातानुकूलन लागत नव्हते. १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे ते सुरू झाले आणि पुढे अशी हजारो एक्स्चेंजे खेडोपाडी उभी राहिली. तालुक्याच्या गावाला 'ट्रंक कॉल' लावून तासन्‌तास वाट पाहणाऱ्या पिढीला या क्रांतीचे मोल सांगावे लागणार नाही.

अर्थात सी-डॉटचे सारेच काही आलबेल नव्हते. शहरांसाठीचे मोठे एक्स्चेंज ठरलेल्या मुदतीत आले नाही. पुढे मोबाइलचे युग उजाडत असताना त्या दिशेने वेळीच पावले पडली नाहीत. हे दोष झाकण्याचे कारण नाही. परंतु ज्या संस्थेने तीन वर्षांत शून्यातून ग्रामीण एक्स्चेंज दिले, ती पुढे मागे का पडली याचे कारण अभियंत्यांच्या बुद्धीत शोधू नये. ते राज्यकर्त्यांच्या धोरणात शोधावे.

त्यासाठी दक्षिण कोरियाकडे पाहावे. योगायोग असा की, त्या देशाचे टीडीएक्स-१ हे स्वदेशी डिजिटल एक्स्चेंजही १९८६ सालीच आणि तेही प्रथम लहान गावांतच सुरू झाले. ते एट्री या सरकारी संशोधन संस्थेने विकसित केले होते. म्हणजे शर्यतीची सुरुवात दोन्ही देशांनी एकाच रेषेवरून केली. फरक पुढे पडला. कोरियाच्या सार्वजनिक दूरसंचार संस्थेने आपल्या संशोधनाचा माल हक्काने विकत घेतला, त्यातून पुढच्या पिढीच्या संशोधनाला आधार मिळाला आणि १९९६ साली सीडीएमए मोबाइल सेवा व्यापारी तत्त्वावर त्या देशात सुरू झाली. मूळ तंत्र अमेरिकन कंपनीचे होते, पण ते पचवून उत्पादनात आणण्याचे सामर्थ्य कोरियाने आधीच कमावले होते. भारताने नेमके उलट केले. १९९१ नंतर आयातीचे दरवाजे सताड उघडले गेले. १९९७ साली भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत दूरसंचार सामग्रीवरील आयातशुल्क शून्यावर आले. १९४८ साली बंगळूर येथे स्थापन झालेली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ऑर्डरअभावी खंगत गेली. संशोधनाला प्रयोगशाळा लागते हे सर्वांना कळते. संशोधनाला गिऱ्हाईकही लागते, हे अर्थशास्त्रातील साधे सत्य मात्र आमचे नियोजनकार सोयीस्करपणे विसरले.

येथे समाजवादी चळवळीनेही आत्मपरीक्षण केले पाहिजे. डिसेंबर १९८९ मध्ये राष्ट्रीय आघाडीचे सरकार आले. मधु दंडवते अर्थमंत्री होते आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. त्या काळात सी-डॉटविषयीचा वाद पित्रोदा या व्यक्तीभोवती आणि राजीव गांधींशी असलेल्या त्यांच्या निकटतेभोवती फिरत राहिला. काँग्रेसविरोधाच्या आवेशात जनतेच्या मालकीची एक तरुण संस्था बेवारस होत आहे, याचे भान सुटले. टेलिफोन हा श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला विषय आहे, अशीही एक समजूत कार्यकर्त्यांत होती. एसटीडी बूथ चालवून संसार सावरणाऱ्या हजारो अपंगांनी आणि बेरोजगारांनी ती समजूत पुढे खोटी ठरविली.

भारत संचार निगमाची कथा याच मालिकेतील आहे. १ ऑक्टोबर २००० रोजी निगम स्थापन झाले. खासगी कंपन्या फोर-जीवर धंदा वाढवीत असताना निगमाला फोर-जीसाठीच्या लहरी देण्याचा निर्णय थेट ऑक्टोबर २०१९ मध्ये झाला. स्पर्धकाच्या हाती मोटार आणि निगमाच्या पायांत बेडी, आणि वर निकाल असा की सरकारी क्षेत्राला धावता येत नाही! त्यानंतर ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी सुमारे ७८,५०० कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी गेले. वर्षानुवर्षे केबल जोडून, एक्स्चेंजे सांभाळून आलेले ज्ञान त्यांच्याबरोबरच गेले. हे ज्ञान ताळेबंदात कोठेच नोंदलेले नसते, म्हणून त्याचा तोटाही कोणी मोजला नाही.

या साऱ्याचा अभियांत्रिकी शिक्षणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी सरळ आहे. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना मुक्तद्वार मिळाले. अणुविद्युत आणि दूरसंचार ही शाखा तेव्हापासून गावोगावी पोहोचली. शेतकऱ्याच्या घरातील मुलगी कर्ज काढून चार वर्षे ही विद्या शिकते. मग तिला काम मिळते ते हिंजवडीतील एखाद्या कार्यालयात, परदेशी बँकेचे किंवा विमा कंपनीचे सॉफ्टवेअर दुरुस्त करण्याचे. दूरसंचाराची जी विद्या ती शिकली, तिला या देशात जागाच ठेवलेली नाही. ती पुस्तकी राहिली असा दोष मग तिलाच दिला जातो. सी-डॉट ही आरंभीच्या काळात जितकी प्रयोगशाळा होती तितकीच शाळाही होती. पदवीधराला तेथे खरा प्रश्न मिळाला, चुका करण्याची मुभा मिळाली, आणि चुका सुधारून केलेले यंत्र गावात चालताना पाहण्याचे समाधान मिळाले. याहून वेगळे अभियांत्रिकी शिक्षण जगात कोठेही नाही.

आज पुन्हा तीच चूक नव्या वेषात होत आहे. देशाचा संशोधनावरील एकूण खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्क्याच्या आसपास रेंगाळतो आहे. त्यावर उपाय म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने १ जुलै २०२५ रोजी एक लाख कोटी रुपयांची संशोधन योजना मंजूर केली. तिचा मुख्य हेतू खासगी उद्योगांना दीर्घ मुदतीचे, अल्प किंवा शून्य व्याजाचे अर्थसाहाय्य मिळावे हा आहे. जोखीम जनतेची, नफा भागधारकांचा, आणि सार्वजनिक संस्थांच्या वाट्याला उद्घाटनाच्या दिवशीच्या टाळ्या, अशी ही वाटणी आहे.

ही वाटणी बदलावयाची तर तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. सार्वजनिक संस्थेने विकसित केलेली यंत्रणा सार्वजनिक निगम पुढील दहा-पंधरा वर्षे विकत घेईल, अशी लेखी हमी हवी. जनतेच्या पैशातून निर्माण झालेले तंत्रज्ञान खासगी कारखानदाराला देताना त्याचे स्वामित्वशुल्क पुन्हा संशोधनाकडेच वळले पाहिजे. आणि निगमाची प्रशिक्षण केंद्रे व इमारती विकून खाण्याऐवजी जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना जोडाव्यात, तेथे विद्यार्थ्यांना विद्यावेतनासह प्रत्यक्ष काम मिळावे आणि सी-डॉटमध्ये कायम स्वरूपाची भरती व्हावी.

कामगार संघटनांनी ही मागणी केवळ नोकऱ्यांची म्हणून मांडू नये आणि विद्यार्थी संघटनांनी केवळ फीवाढीपुरते पाहू नये. केबल जोडणारा कामगार आणि दूरसंचार शिकणारी विद्यार्थिनी यांचा प्रश्न एकच आहे. कित्तूरचे एक्स्चेंज ज्यांनी उभारले ते वेगळ्या मातीचे नव्हते. त्यांच्यामागे काही काळ देश उभा राहिला होता, एवढाच काय तो फरक. झारसुगुड्याच्या समारंभानंतर तो पुन्हा मागे सरणार की उभाच राहणार, हे मंत्र्यांच्या भाषणांवर सोडून चालणार नाही. त्यासाठी रस्त्यावर उतरून हिशेब मागावा लागेल.