मूलपेशी : उपचार कोणता, व्यापार कोणता?

'मूलपेशी' हा शब्द आता वैद्यकीय ग्रंथांतून बाहेर पडून घराघरांत पोहोचला आहे. नाळेतील रक्त साठविणाऱ्या खाजगी बँकांची पत्रके गर्भवतींच्या हाती पडतात. 'वनस्पतींच्या मूलपेशी' म्हणून मलमे व गोळ्याही विकल्या जातात. पालक याविषयी मला वारंवार विचारतात, म्हणून माझे मत येथे स्पष्टपणे मांडतो.

मूलपेशी स्वतःसारख्या पेशी निर्माण करीत राहते आणि तिच्यापासून विशिष्ट कार्य करणाऱ्या पेशीही घडतात. अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून रक्त तयार होते. याच तत्त्वावर १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. १९८८ मध्ये पॅरिस येथे फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देण्यात आले आणि त्याची रक्तनिर्मिती सुरळीत झाली.

वनस्पतींत हेच कार्य मुळांच्या व खोडांच्या टोकाशी असलेली विभाजी ऊती करते. ऊतीसंवर्धित केळीची रोपे याच सामर्थ्याचे फळ होय. यू वृक्षाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरील औषधही मिळविले जाते. ही वनस्पतींची खरी देणगी! परंतु सफरचंदाची मूलपेशी गिळल्याने माणसाची मूलपेशी होत नाही. ती केवळ पचते.

आपल्या बालाघाट परिसरात मूलपेशींचा खरा संबंध सिकलसेलशी आहे. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मूलपेशी प्रत्यारोपणाने तो बरा होऊ शकतो. पण सख्ख्या भावंडाच्या पेशी पूर्णपणे जुळण्याची शक्यताही २५ टक्केच. बाळाचे स्वतःचे साठविलेले रक्त येथे निरुपयोगी, कारण त्यातही तोच जनुकीय दोष असतो. थोरले भावंड आजारी असेल, तर मात्र धाकट्याचे नाळेतील रक्त जपणे योग्य ठरते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्तविकारांसाठीचे प्रत्यारोपण तेवढेच मान्य उपचार मानले. स्वमग्नता वा सेरेब्रल पाल्सीसाठी पैसे घेऊन दिलेली इंजेक्शने म्हणजे हतबल पालकांच्या आशेचा व्यापार होय.

१ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्याचे उद्दिष्ट २०४७ पर्यंतचे आहे. त्यात आपला वाटा कोणता? समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यातच आपण डॉक्टरांनी रक्ततपासणीचे शिबिर ठेवावे. अहवाल गोपनीय राहावा. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे समजावून सांगावे. आजारी बालकांना हायड्रॉक्सीयुरिया, पेनिसिलीन व न्यूमोकोकल लस वेळेवर मिळावी.

पत्रिका जुळविण्याइतकीच तत्परता आपण रक्त तपासण्यात दाखविली, तर अनेक बालकांवर प्रत्यारोपणाची वेळच येणार नाही, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.