अडकलेला चक आणि यतनेचे मोल

गोंदियाहून येणारा रस्ता मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गाला जिथे मिळतो, तिथे कोहमारा हे गाव आहे. सारा परिसर धानाचा. दिवाळीच्या सुमारास कापणी होते आणि राइस मिलच्या मालकांना उसंत राहत नाही. अशा दिवसांत मिलचा एखादा शाफ्ट झिजला, तर सारी मदार लेथवर आणि ती चालवणाऱ्या कारागिरावर येते.

समजा, अशा ऐन हंगामात वडिलांच्या काळातील जुन्या लेथचा चक बदलायचा आहे आणि तो तसूभरही हलत नाही. दाराशी धानाच्या गाड्या उभ्या आहेत, मजुरांचा रोज चालू आहे. मालक म्हणतो, “मोठा हातोडा घ्या.” वयस्क कारागीर शांतपणे उत्तरतो, “शेठजी, आजची रात्र द्या.” या दोन वाक्यांतील अंतर केवळ स्वभावाचे नाही; त्यात यंत्राचे आयुष्य गुंतलेले असते.

चक म्हणजे लेथवर काम पकडून ठेवणारा जबड्यांचा गोल भाग. जुन्या लेथवर तो बहुधा स्पिंडलच्या तोंडावरील आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. धातू कापताना हत्याराचा जो जोर लागतो, त्याने चक उलट अधिकच घट्ट होत जातो. बसवताना आट्यांत लोखंडाचा कीस राहिला, तेलाचा थेंब पडला नाही आणि पुढे अनेक वर्षे चक जागचा हलला नाही, तर गंज दोन्ही भागांना जखडून टाकतो. म्हणून पहिले काम जोर लावण्याचे नसून पाहण्याचे आहे. काही लेथवर चक आट्यांऐवजी कॅमच्या खिळ्यांनी किंवा मोठ्या कडीच्या नटाने धरलेला असतो. जोडणी न ओळखता जोर लावणे म्हणजे कुलूप न पाहता दार फोडणे होय.

घाईत केली जाणारी चूक ठरलेली आहे. बॅक गिअर जोडून स्पिंडल अडवायचा आणि चकावर घाव घालायचा. तो सारा आघात गिअरच्या दातांवर जातो. हे दात पुष्कळदा बिडाचे असतात; बीड वाकत नाही, तुटते. चक निघतो न निघतो, एक दात मात्र गेलेला असतो, आणि जुन्या यंत्राचा तसाच गिअर पुन्हा मिळवणे सोपे नसते.

जाणता कारागीर आधी वीज बंद करून मुख्य फ्यूज काढून ठेवतो. चक निसटून पडला तर बेडला धक्का लागू नये, बोटे चिरडू नयेत, म्हणून खाली जाड फळी मांडतो. मग सांध्यात गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर मुरू देतो. सकाळी लाकडी हातोडीने चकाच्या कडेवर सभोवार हलके ठोके देतो. त्या कंपनाने तेल आत उतरते.

त्यानंतर गिअर सोडून स्पिंडल मोकळा केला जातो. बेडच्या मागल्या बाजूला लाकडी ठोकळा उभा करून पुली हाताने उलटी फिरवतात. चकाचा जबडा ठोकळ्यावर आदळून थांबतो, स्पिंडल मात्र आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहतो. त्या झटक्याने आटे सुटू लागतात. हे काम मोटारीने कधीही करू नये. एका प्रयत्नात न सुटल्यास पुन्हा तेल, पुन्हा ठोके, पुन्हा प्रतीक्षा. ऊब द्यायचीच झाली तर तेल पूर्ण पुसून, गरम हवेने, केवळ चकाच्या मागील प्लेटला द्यावी. बाहेरचा भाग फुगला आणि आतला स्पिंडल थंड राहिला, तरच सांधा सैल होतो. दोन्ही तापले तर लाभ नाही.

जैन परंपरेत वाढलेल्या घराला या क्रमात काही ओळखीचे वाटेल. कीस आट्यांत शिरणे हा आस्रव, तो गंजून जखडणे हा बंध, आणि थोडे थोडे करून त्याला सोडवणे ही निर्जरा. बंध एका दिवसात पडलेला नसतो. म्हणून तो एका घावात सुटावा, ही अपेक्षाच अज्ञानाची. प्रत्येक क्रिया जपून, कोणाला इजा न होईल अशी करणे, यालाच आपल्याकडे यतना म्हणतात. ती उपाश्रयात जितकी लागते, तितकीच कारखान्यातही लागते.

यांपैकी संवर सर्वांत स्वस्त आहे. चक चढवण्यापूर्वी दोन्हीकडचे आटे ब्रशने स्वच्छ करावे, तेलाचा एक थेंब द्यावा, आणि यंत्र दीर्घकाळ बंद राहणार असेल तर चक उतरवून ठेवावा. याला पाच मिनिटे लागतात. ती वाचवली, की हंगामातला दिवस जातो.

त्या रात्रीचा खर्च मालकाच्या वहीत तोट्याच्या बाजूला पडेल, हे खरे. परंतु न तुटलेला दात आणि न चिरडलेले बोट यांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. अशी न दिसणारी जमा ओळखून कारागिराचा शब्द मानणारा मालकच वडिलांचे यंत्र मुलाच्या हाती धडधाकट सोपवतो.