पत्रिकेआधी व्हिसा पाहा!

अंबरनाथ-बदलापुरात परदेशस्थ स्थळ आले की पगार, घर, पत्रिका सारे पाहिले जाते. मुलीला तिथे नोकरी करता येईल का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. जर्मनीत २०१३ पासून जोडीदाराच्या निवास-परवान्यातच कामाचा हक्क अंतर्भूत आहे. नवरा जर्मन असो वा उल्हासनगरचा. अमेरिकेत एच-१बी व्हिसाधारकाच्या पत्नीला एच-४ व्हिसावर २०१५ पर्यंत नोकरीची मुभाच नव्हती. आजही ती पतीच्या ग्रीनकार्डाची प्रक्रिया पुढे सरकल्यावरच मिळते. सहजीवन मान्य करून स्वावलंबन नाकारणे म्हणजे पत्नीला नवऱ्याच्या सामानात जमा धरणे होय. आमच्या विद्यार्थिनींच्या पदव्या त्या सामानात बांधल्या जाव्यात, हे आम्हांस मान्य नाही. तेव्हा पालकहो, पत्रिकेआधी व्हिसा पाहा.